भट्टीचा ड्रायव्हर मशीनवर चढवण्याआधी

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठी भट्टीच्या कंट्रोलरचा लिनक्स ड्रायव्हर (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालून उपकरण हाताळणारा कोड) तयार आहे, कमांड-लाइन टूलही चालतंय. आता टूलमधली प्रत्येक तपासणी नाहीच असं धरून ड्रायव्हर वाचून काढा. डिव्हाइस फाइल उघडता येणारा कोणीही दहा-वीस ओळींच्या सी प्रोग्रॅममधून थेट आयओसीटीएल (ड्रायव्हरला हुकूम देणारा सिस्टीम कॉल) करू शकतो, टूल त्याच्या वाटेत येतच नाही.

टूलकडे माणसाशी बोलण्याचं काम ठेवा: ‘१४५०.५’ हा मजकूर वाचून १४५०५०० मिलिडिग्री करायचं (कर्नलमध्ये दशांश अपूर्णांकांची गणितं टाळतात), कोणता आकडा चुकला ते ऑपरेटरला मराठीत सांगायचं. कुठल्या धातूला किती ताप, हेही तिथेच. हार्डवेअरची कमाल मर्यादा मात्र ड्रायव्हरनेच अडवायची.

ड्रायव्हरमध्ये कॉपी_फ्रॉम_यूजर (वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमच्या मेमरीतून डेटा आणणारं फंक्शन) न आलेल्या बाइटांची संख्या परत देतं. ती शून्य नसेल तर उणे ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याचा एरर कोड) द्या. तीच संख्या जशीच्या तशी परत केली तर ती धन असते आणि टूलला काम झालंसं वाटतं. प्रोग्रॅमने पाठवलेलं स्ट्रक्चर (फील्डांचा गठ्ठा) एकदाच आणा, तपासा आणि तीच प्रत वापरा. तपासून झाल्यावर यूजर मेमरी पुन्हा वाचली, तर मधल्या क्षणात त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड (समांतर चालणारा भाग) आकडा बदलू शकतो आणि न तपासलेला आकडा भट्टीपर्यंत जातो. ही चूक नेहमीच्या चाचणीत सापडत नाही, म्हणून कोड वाचतानाच शोधा.

किती मेमरी लागेल ते काढणाऱ्या गुणाकारांवर वेळ घालवा. एक नोंद १६ बाइटांची आणि प्रोग्रॅमकडून नोंदींची संख्या २६,८४,३५,४५७ आली, तर ३२ बिटांत उत्तर १६ येतं: जागा एका नोंदीची, लिहिणं कोट्यवधींचं. केमॅलॉक_ॲरे (गुणाकार मावत नसेल तर मेमरी नाकारणारं फंक्शन) वापरा, शिवाय संख्येला स्वतःची मर्यादा घाला.

अनोळखी फ्लॅग (एकेका पर्यायाचा बिट) किंवा शून्य नसलेलं राखीव फील्ड दिसलं की उणे ईइनव्हॅल (अवैध इनपुटचा एरर कोड) द्या. फाइल उघडण्याचा जुना ओपन कॉल अनोळखी फ्लॅग निमूट सोडून देतो, म्हणून नवा फ्लॅग जुन्या कर्नलवर लागू झाला का ते टूलला कळत नाही, त्याच कामाचा लिनक्स ५.६ मधला नवा कॉल ओपनएट२ अनोळखी फ्लॅग नाकारतो.

परत पाठवायचं स्ट्रक्चर आधी मेमसेटने शून्य करा, नाहीतर पॅडिंगमधून (फील्डांमधल्या रिकाम्या बाइटांमधून) कर्नलची मेमरी बाहेर जाते. ॲक्सेस_ओके (पत्ता खरंच यूजर मेमरीतला आहे का ही तपासणी) न करणारी फंक्शनं शोधून पाहा: २०१७ मध्ये लिनक्स ४.१३ च्या वेटआयडी या सिस्टीम कॉलमध्ये ती एकच तपासणी राहिली आणि साध्या वापरकर्त्याला कर्नलच्या मेमरीत लिहिता येऊ लागलं.

शेवटी क्यूईएमयूत (आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) लावलेल्या कर्नलवर, टूलशिवाय, नल पॉइंटर, अवाढव्य संख्या आणि सगळे बिट लावलेले फ्लॅग पाठवा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) एकही इशारा उरला तर ड्रायव्हर भट्टीला जोडू नका.