खूण साधी, हूल पक्की: ओळखण्याचे खेळ कसे खेळवायचे

कोजागरीला दूध आटेपर्यंतचा वेळ असो किंवा वाढदिवसाचा केक कापून झाल्यावर मुलं मोबाइलकडे वळू लागतात ती वेळ असो, दोन माणसं आधी ठरवून आली असतील तर अख्ख्या घोळक्याला गुंतवून ठेवता येतं. एक सूत्रधार, एक ओळखणारा. ओळखणारा बाहेर जातो, बाकीचे एक वस्तू ठरवतात, तो आत येऊन ती अचूक सांगतो. कशी, ते बाकीच्यांनी शोधायचं.

खूण शक्य तितकी सोपी ठेवा. अवघड खूण लावली की ओळखणारा मनात मोजत बसतो, क्षणभर थबकतो, आणि ते थबकणंच पकडलं जातं. मेहनत घ्यायची ती हूल देण्यावर.

काळ्यानंतरची वस्तू

सूत्रधार एकेका वस्तूकडे बोट दाखवून विचारतो. ‘उशी?’ नाही. ‘घड्याळ?’ नाही. ‘ती छत्री?’ नाही. ‘तांब्या?’ हो! छत्री काळी होती, एवढंच. काळ्या वस्तूच्या लगेच नंतर येते ती ठरलेली वस्तू.

खोलीत निदान चार-पाच काळ्या वस्तू आहेत ना, ते आधी बघून ठेवा: पर्स, चपला, रिमोट, चष्म्याची डबी. दरवेळी टीव्हीकडेच बोट गेलं तर तिसऱ्या फेरीत बिंग फुटतं. काळी वस्तू कधी दुसऱ्या क्रमांकावर घ्या, कधी सहाव्या. रात्री गच्चीवर मात्र हा खेळ नको, पिवळ्या दिव्यात गडद निळा आणि काळा एकच दिसतात.

आता हूल. कधी ‘ही का?’ विचारा, कधी ‘मग ती असेल?’. एका फेरीत उगाच खोका, दुसरीत कान खाजवा, तिसरीत वस्तूला हात लावा. चलाख मुलं खोकला मोजू लागतात. त्यांना मोजू द्या.

कुणी ‘काळा रंग!’ असं ओरडलं तर हो-नाही काहीच बोलू नका. पुढच्या फेरीपासून लाल रंग धरायचा, हे दोघांनी घरूनच ठरवून यायचं. ‘चला, पुन्हा एकदा’ हे शब्द आले की रंग बदलला. ओरडणारा पुढच्या फेरीत काळ्यावर डोळे लावून बसतो आणि तोंडावर पडतो. पॅरिसचे जादूगार रोबेर-हूदँ यांनीही हेच केलं होतं. १८४६ पासून ते मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधत आणि प्रेक्षकांच्या हातातल्या वस्तू त्याच्याकडून ओळखवून घेत. प्रश्नांच्या शब्दांतच काहीतरी आहे असा लोकांना संशय येऊ लागला, तसं त्यांनी बोलणं बंद करून नुसती घंटा वाजवायला सुरुवात केली.

नऊ मासिकं

आमच्या मते यातला सगळ्यात देखणा खेळ हाच. जमिनीवर नऊ मासिकं किंवा वह्या तीन-तीनच्या तीन रांगांत मांडा. सूत्रधाराच्या हातात पट्टी. पट्टीचा पहिला स्पर्श सगळं सांगतो: पहिल्या मासिकाच्या ज्या भागाला पट्टी टेकली, त्याच जागचं मासिक ठरलेलं. वरच्या उजव्या कोपऱ्याला टेकली तर वरच्या रांगेतलं उजवीकडचं, बरोबर मध्यावर टेकली तर मधलं. नंतरचे स्पर्श निव्वळ दिखावा.

घोटाळा होतो तो ‘वरचं’ म्हणजे कुणाच्या बाजूने वरचं, यावरून. सूत्रधार एका बाजूला आणि ओळखणारा समोर उभा राहिला तर उजव्याचं डावं होतं. म्हणून सगळ्या मासिकांची डोकी एकाच भिंतीकडे ठेवा आणि ती भिंत म्हणजे वर, असं पक्कं करा. पट्टी काठाजवळ टेकवा. अर्धवट आत टेकवली तर कडेचं की मधलं ते कळत नाही. छोट्या वह्यांवर हे जास्त होतं, निदान शाळेच्या मोठ्या वहीचा आकार हवा.

वाक्यांच्या पहिल्या अक्षरांतून नाव

इथे गट हजर माणसांपैकी एक जण निवडतो. सूत्रधाराच्या वाक्यांची पहिली अक्षरं जोडायची. ‘कळलं का? मन शांत ठेव. लवकर सांग.’ कमल! काना-मात्रा सोडून द्या, नुसती व्यंजनं पुरतात. ‘सांग बघू. नीट विचार कर. ताण घेऊ नकोस.’ हे ऐकून खोलीतली सुनीता सापडते.

ण आणि ळ यांनी मराठी वाक्य सुरू होत नाही. तिथे न आणि ल वापरा; बाळू म्हणजे ब, ल. मीना आणि मनू दोघी हजर असतील तर वयाने मोठीसाठी आधी एक ‘हं’ म्हणायचं ठरवा. वाक्यांमध्ये फालतू बडबड मात्र चालत नाही. प्रेक्षकांना उत्तर द्यायला तोंड उघडलं की एक अक्षर वाढतं.

आजीला काय चालतं?

यात जोडीदार लागत नाही. सूत्रधार म्हणतो, ‘आजीला पुस्तक चालतं, वही चालत नाही. चप्पल चालते, बूट नाही. श्रीखंड चालतं, पुरणपोळी नाही.’ ज्याला नियम कळला असं वाटेल त्याने स्वतःची जोडी सांगून बघायची. नियम जोडाक्षराचा. म्हणून रत्नागिरी चालते, सातारा नाही. कोल्हापूर चालतं, नागपूर नाही. म्हापसा चालतं, मडगाव नाही.

भांडणं होतात ती अनुस्वारावरून. बासुंदी म्हणताना न आणि द जोडून ऐकू येतात, पण लिहिताना जोडाक्षर नाही. तेव्हा ‘जसं लिहितो तसं’ हाच नियम ठेवा, बासुंदी बाद. दुसरी अडचण विभक्तीची: पुणे चालत नाही, पण ‘पुण्याला’ म्हटलं की जोडाक्षर आलं. शब्द मूळ रूपातच मोजा. शुद्धलेखन कच्चं असलेल्या लहान मुलांना हा खेळ जाचतो; त्यांच्यासाठी ‘मी सहलीला काय नेऊ?’ बरं. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर असलेली वस्तूच न्यायची: गौरीने गूळ, बंडूने बिस्किटं.

आणखी दोन

कात्री हातोहात फिरवत ‘उघडी’ किंवा ‘बंद’ म्हणत पुढे द्यायची. कात्रीचा काही संबंध नसतो. म्हणणाऱ्याने पायावर पाय टाकला असेल तर बंद, नसेल तर उघडी. हा खेळ खुर्च्यांवरच खेळा. सतरंजीवर सगळेच मांडी घालून बसतात, मग फरक उरत नाही. कात्री बोथट टोकांची घ्या.

‘गुलाबाभोवतीच्या पाकळ्या’ला ठिपक्यांचे पाच फासे लागतात. मधला ठिपका म्हणजे गुलाब, भोवतीचे ठिपके म्हणजे पाकळ्या: तीनच्या २, पाचच्या ४, बाकी सगळ्यांचे शून्य. ५, ३, १, २, ६ पडले तर उत्तर ६. सूत्रधाराने नाव सांगायचं, उत्तर सांगायचं आणि उत्तर नेहमी शून्य किंवा सम असतं एवढंच सांगायचं. गणित पक्कं असलेले लोक बेरजा-वजाबाक्या करत बसतात आणि सहसा मागे राहतात.

ज्याला गुपित कळेल त्याने ते फोडायचं नाही. त्याला पुढच्या फेरीत ओळखणारा करा. शेवटचे दोन-तीन जण अडकले की चेहरे पडतात. मग हूल बंद करा, खूण ठसठशीत द्या, काळी छत्री सरळ हातात धरून दाखवा.