दरबारातल्या सेवेला पहिल्यांदा जाताय?

माझं माहेर नागपूरच्या महाल भागातलं, त्यामुळे कढी म्हणजे ताकाचीच, असं वाटायचं. आता दर गुरुवारी सकाळी जरीपटक्यातल्या सिंधी दरबारात, म्हणजे सिंधी लोकांच्या मंदिरात, बेसनाच्या कढीच्या गंजाशी (मोठ्या पातेल्याशी) उभी असते. तुम्हालाही यायचं असेल तर या.

चपला बाहेर काढा, हात धुवा, डोक्यावर ओढणी किंवा रुमाल घ्या. बऱ्याच सिंधी दरबारांत सिंधींचे इष्टदेव झूलेलाल यांच्यासोबत गुरु ग्रंथ साहिबही असतो, म्हणून उघड्या डोक्याने जाऊ नका. वडीलधाऱ्यांना दादा-दादी म्हणा, ‘जय झूलेलाल’ करा आणि काम विचारा. पहिल्या दिवशी भाजी चिरायलाच बसवतील.

100 माणसांना 10 किलो तांदूळ, सव्वा किलो बेसन. तेलात जिरं-मेथी तडतडली की बेसन मंद आचेवर तांबूस होईस्तोवर भाजायचं, हात थांबवायचा नाही. इथे घाई केली की कढी कच्चट लागते. मग 25 लिटर गरम पाणी, थोडं थोडं ढवळत. हळद, तिखट, मीठ, आलं, कढीपत्ता. बटाटे, गवार, शेवग्याच्या शेंगा शिजू द्या, भेंडी वेगळी तळून घाला. चिंचेचा कोळ सगळ्यात शेवटी. आधी पडला तर बटाटे दडदडीत राहतात. वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर.

झाकण लावून गंज थेट मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचा. मे महिन्यात तर दोन तासांच्या आत सगळं वाटून झालंच पाहिजे. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेले पेशंटचे नातेवाईक आपापला डबा घेऊन येतात. गरम कढी प्लास्टिकच्या पातळ पन्नीत ओतू नका. फोटो काढू नका. आमच्या एक दादी सिंध सुटल्यावर लहानपणी निर्वासितांच्या छावणीत जेवणाच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. त्या सांगतात, वाढताना आधी माणसाकडे बघायचं, मग डब्याकडे.

मी सुरुवातीला एका बाईला म्हणाले, “आत्ताच तर घेतलंत ना?” तिने डबा मागे घेतला. सासू वॉर्डात मुलाजवळ बसली होती, डबा तिच्यासाठी होता. मी मागे धावले, डबा भरून दिला, पण तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. तेव्हापासून अंदाज 100 जणांचा असला तरी मी तांदूळ 12 किलो धुते.