पाथरी ओळखताना या चुका टाळा

पावसाळा सरला की फोटो यायला लागतात. पिवळं फूल, पाठीमागे धूसर हिरवं, आणि खाली एकच प्रश्न: "ही पाथरीच ना?" दहातल्या सात फोटोंना मला "सांगता येत नाही" असंच उत्तर द्यावं लागतं. समोरच्याला ते तुटक वाटतं, पण खरं तेच असतं. सूर्यफुलाच्या कुळात तीस हजारांहून जास्त जाती आहेत. त्यातली पिवळ्या फुलांची, चिकाची, केसाळ बी उडवणारी झाडं वरून पाहिली तर एका आईची लेकरं वाटतात. त्यांना वेगळं करणाऱ्या खुणा नेमक्या फोटोत नसलेल्या जागी असतात.

पाथरी म्हणजे शास्त्रीय नावाने लॉनिया प्रोकंबेन्स. ज्वारीच्या रानात, बांधावर, पडीक जमिनीत जमिनीसरशी पसरणारी, भाकरीबरोबर कच्ची खाल्ली जाणारी पाथरी. ती बहुवर्षायू आहे, म्हणजे अनेक वर्षं जगणारी, आणि माझं पहिलं भांडण तिथूनच सुरू होतं.

मूळ न बघता नाव देणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती सविस्तर सांगते. वनस्पती गोळा करायला लागले त्या दुसऱ्याच हिवाळ्यात जेजुरीजवळच्या एका बांधावर मला पाथरी भरपूर दिसली. बरोबरच्यांना घाई होती, मलाही होती. एक झाड मुठीत धरून ओढलं. जमिनीखाली चार बोटांवर मूळ कटकन तुटलं. हातात आलं ते पानांचं चक्र, दोन आडव्या फांद्या, फुलं आणि मुळाचा शेंडा नसलेला तुकडा. कागदात दाबलं, वाळवलं, चिठ्ठी लिहिली. मूळ लहान दिसलं म्हणून चिठ्ठीवर "वर्षायू", म्हणजे एकाच हंगामात संपणारी, असंही लिहून टाकलं.

तो नमुना मी एका जुन्या जाणत्या अभ्यासकांना दाखवला. त्यांनी फुलाकडे पाहिलंच नाही. कागद उलटा करून खालचं टोक पाहिलं.

"मूळ कुठं आहे?"

"तुटलं, सर."

"तुटलं ना? मग वर्षायू कशावरून लिहिलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की मे महिन्यात त्याच जागी जाऊन बघा.

मी गेले. हद्दीच्या दगडामुळे जागा सापडली. रान भाजून निघालं होतं, बांधावरचं गवत कोणीतरी पेटवलेलं होतं, धसकटंही काळी पडली होती. दगडाच्या डाव्या अंगाला राखेतून तीन कोवळी पानं वर आलेली होती. माझ्याच हातून तुटलेल्या बुडख्यातून ती फुटली होती. त्या दिवशी खुरप्याने सुरुवात केली आणि शेवटी शेजारच्या वस्तीवरून पहार मागून आणावी लागली. मूळ करंगळीएवढं जाड होतं, वीतभर खणूनही संपेना. पण मला शिकवलं ते वरच्या टोकाने. तिथे जुन्या पानांच्या बुंध्यांचे वण होते, एकावर एक, काळपट, खरखरीत. एका हंगामाच्या झाडाला असे वण पडत नाहीत.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. पाथरीसारखं काही दिसलं की आधी खाली बसायचं आणि पानांच्या चक्राची माती बोटांनी बाजूला करायची. वण आहेत का, मूळ जाड होत खाली जातंय का, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. अख्खं झाड खणायचं ते फक्त तिथे पुष्कळ झाडं असतील तरच, आणि एकच. नंतर खड्डा बुजवायचा. बुजवलेल्या खड्ड्याशेजारी दगड ठेवायचा आणि उन्हाळ्यात परत यायचं. लोक विचारतात, एवढा खटाटोप कशाला? कारण बहुवर्षायू आहे की नाही हे झाडाला दोन वेगळ्या ऋतूंत भेटल्याशिवाय खात्रीने कळत नाही. ज्याला एका सहलीत नाव हवं आहे, त्याने तूर्तास "लॉनिया असावी" एवढं लिहून थांबावं. त्यात काही कमीपणा नाही.

सोंकसला पाथरी म्हणणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सोंकस ओलेरेसियस ही वर्षायू वनस्पती, बागेत, गटाराकाठी, ओलसर जागी हमखास दिसते. तिलाही चीक, तिचीही फुलं पिवळी, तिचंही बी म्हातारीसारखं उडतं. पण ती उभी वाढते. खोड पोकळ, आणि त्या खोडावर पानं असतात, खोडाला दोन कानांनी मिठी मारल्यासारखी. कान टोकदार असतील तर ओलेरेसियस. कान गोलसर वळलेले आणि पानं काटेरी असतील तर सोंकस अॅस्पर. पाथरीची मोठी पानं जवळजवळ सगळी जमिनीलगत चक्रात असतात. तिच्या पानाच्या कडेवर बोट फिरवा: बारीक, पांढरे, कडक दात लागतात.

तरीही शंका राहिली तर बी बघा. सोंकसचं बी चपटं असतं, ओलेरेसियसमध्ये त्यावर आडव्या सुरकुत्या. पाथरीचं चपटं नसतं, त्याला ठळक कंगोरे असतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग त्याला पुरतं. ते भिंग नसेल तर ही दोन झाडं वेगळी करण्याच्या भरीस पडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी भिंग घ्या. कॅमेऱ्याच्या नव्या लेन्सपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

स्तबकाला फूल समजणं

शाळेत शिकवलेलं असतं, तरी रानात विसरतात. जे "फूल" दिसतं ते फूल नसून स्तबक असतं, एका बैठकीवर दाटीने बसलेली अनेक पुष्पकं, म्हणजे चिमुकली फुलं. त्यामुळे "पाकळ्या किती" हा प्रश्नच चुकीचा ठरतो. सकाळी उमललेलं एक स्तबक तळहातावर घ्या आणि ब्लेडने उभं मधोमध कापा. पाथरीच्या स्तबकात सगळी पुष्पकं पट्टीसारखी असतात, मधे वेगळी नळीदार पुष्पकं नसतातच. प्रत्येक पट्टीच्या टोकाला पाच बारीक दात. कापताना बोटांना पांढरा चीक लागतो, तोही नोंदवा. मग बाहेरची छदं, म्हणजे स्तबकाला खालून वेढणारी लहान पानं, बघा: खालून वर लांबत जाणाऱ्या ओळी आणि प्रत्येक छदाची कड पातळ, पांढुरकी, पापुद्र्यासारखी. ही कड वरून काढलेल्या फोटोत कधीच येत नाही. म्हणून बाजूने एक आणि खालून एक फोटो काढाच.

एकदांडीला (ट्रायडॅक्स) पाथरी म्हणणारेही भेटतात. तिची पानं समोरासमोर असतात, मधे पिवळी नळीदार पुष्पकं असतात, कडेच्या पुष्पकांना तीन दात असतात, आणि चीक नसतो. हा घोळ खरं तर होऊच नये.

दुपारी जाणं. ऊन चढलं की स्तबकं मिटू लागतात. सकाळी जा.

नुसत्या पानावर विसंबणं. एकाच बांधावर खोल कापलेली आणि जवळजवळ अखंड, अशी दोन्ही तऱ्हेची पानं मी पाहिली आहेत. पानाचा आकार कामाचा आहे, पण सर्वांत शेवटी.

अॅपचं पहिलं उत्तर लिहून टाकणं. पाथरीला डँडेलियन म्हणणारी उत्तरं मी इतकी पाहिली आहेत की आता वाईट वाटतं. डँडेलियनच्या प्रत्येक पोकळ, बिनपानांच्या दांड्यावर एकच स्तबक असतं. पाथरीच्या फांद्या फुटतात आणि त्यांवर अनेक स्तबकं लागतात. मोबाइल खिशात ठेवून दांडा बघितला तरी हे कळतं.

गावच्या नावावरून जात ठरवणं. पाथरी हेच नाव काही ठिकाणी हस्तिपदालाही आहे, म्हणजे एलिफँटोपस स्केबरला. तीही याच कुळातली आणि बहुवर्षायू, पण फुलं जांभळट. किनाऱ्यावरच्या वाळूत लांब धुमारे टाकून पेराशी मुळं धरणारी दिसली तर ती लॉनिया सार्मेंटोसा. गावातलं नाव जरूर लिहून घ्या, ज्यांनी सांगितलं त्यांच्या शब्दांत. पण ते शास्त्रीय नावाच्या जागी लिहू नका.

जुनं पुस्तक उघडून गोंधळणं. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने पाथरीला प्रेनँथेस प्रोकंबेन्स म्हटलं होतं, ते 1832 साली छापलं गेलं. लॉनिया प्रोकंबेन्स हे नाव रामय्या आणि राजगोपाल यांनी 1969 मध्ये दिलं. त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकात हे नाव शोधून सापडणार नाही. जमेल तेव्हा पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाच्या संग्रहातले नमुने जरूर पाहावेत.

दाबताना कंटाळा करणं. या कुळाची स्तबकं कागदात दाबली तरी पिकत राहतात. तिसऱ्या दिवशी कागद उघडला की आत कापसासारखा पसारा आणि बी सुटं झालेलं. मी पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ कागद बदलते आणि पिकलेल्या स्तबकांसाठी वेगळं पाकीट करते. चिकाने कागद चिकटतो, म्हणून कापलेलं टोक आधी जुन्या रद्दीवर टिपून घ्यावं.

शेवटचं, खाण्याबद्दल. नाव पक्कं झालं म्हणून लगेच पानं खुडू नका. बांधांवर हल्ली तणनाशक मारलेलं असतं आणि पाथरीचं मूळ खोल असल्यामुळे वरची पानं जळाली तरी ती पुन्हा फुटू शकते, हिरवीगार दिसू शकते. रानाच्या मालकाला विचारा, काय मारलं आणि कधी मारलं. त्याला आठवत नसेल तर त्या बांधावरची भाजी नको.