शरदातलं बुडापेश्त: दिवस सूर्यास्तापासून मागे मोजा

दिवाळीच्या सुट्टीत युरोपला जायचं ठरलं की बुडापेश्तचं नाव यादीत येतंच. शहराच्या मधून वाहणारी दुना नदी (आपण डॅन्यूब म्हणतो ती), एका काठावर बुडाच्या टेकड्या, दुसऱ्या काठावर सपाट पेश्त. बुडा, ओबुडा आणि पेश्त एकत्र होऊन 1873 साली हे शहर झालं. ऑक्टोबरमध्ये ते सगळ्यात सुंदर दिसतं, पण उन्हाळ्याचं वेळापत्रक घेऊन गेलात तर निम्मं शहर अंधारात पाहावं लागेल. म्हणून आधी सूर्यास्ताची वेळ लिहून घ्या आणि दिवसाची आखणी तिथून मागे करत या.

ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि त्यानंतर साडेचारलाच दिवस संपतो. त्याच दिवशी भारताशी असलेला फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातो. त्या रविवारी परतीचं विमान असेल तर फोनचं घड्याळ आपोआप बदललंय ना, हे पाहूनच निघा. हवामानाचं म्हणाल तर ऑक्टोबरमध्ये दुपारी 15-17 अंश, रात्री 7-8 अंश. उशिरा पडणाऱ्या उबदार उन्हाच्या दिवसांना हंगेरीत ‘व्हेनासोन्योक न्यारा’, म्हणजे ‘म्हाताऱ्या बायकांचा उन्हाळा’ म्हणतात. नोव्हेंबरात मात्र नदीवर धुकं उतरतं आणि एखादा पूर्ण दिवस समोरचा काठही दिसत नाही. निवड तुमच्या हातात असेल तर 20 ऑक्टोबरच्या आत जा.

तारखा ठरवताना दोन सुट्ट्या टाळा किंवा निदान माहीत असू द्या. 23 ऑक्टोबर हा सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या 1956 च्या उठावाचा स्मृतिदिन आणि 1 नोव्हेंबर हा मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस. दोन्ही दिवशी दुकानं आणि मोठी मंडई बंद असते, म्हणून दूध-ब्रेड आदल्या दिवशी आणून ठेवा. दोहान्य रस्त्यावरचं 1859 चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) युरोपातलं सर्वांत मोठं. ते दर शनिवारी बंद असतंच, पण ज्यू नववर्ष, योम किप्पूर आणि सुक्कोत हे सण सप्टेंबर-ऑक्टोबरातच येतात. उन्हाळ्यात न येणारी ही अडचण शरदात हमखास येते, म्हणून त्या वर्षीच्या सणांच्या तारखा पाहून मगच तो दिवस ठरवा.

हंगेरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा. पण चलन युरो नाही, फोरिंट आहे. युरो चालतात असं सांगणारी दुकानं भेटतील, तिथला दर नेहमी तुमच्या तोट्याचा असतो. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. यंत्राने ‘रुपयांत की फोरिंटमध्ये’ असं विचारलं तर फोरिंटच निवडा, कारण रुपयांचा दर दुकानदाराची बँक ठरवते आणि फरक आपल्या खिशातून जातो. रोख काढायची तर बँकेच्या शाखेच्या भिंतीतलं एटीएम शोधा, पर्यटकांच्या गर्दीत एकटं उभं असलेलं नको.

विमानतळावरून 100ई ही बस थेट शहराच्या मध्यात देआक चौकात येते. तिचं तिकीट वेगळं असतं. 24 किंवा 72 तासांचा पास तिथे चालत नाही, आणि इथेच बरेच जण दंड भरतात. चढताना बँकेचं कार्ड टेकवलं की तिकीट झालं. स्वस्तात यायचं तर 200ई बसने साध्या तिकिटावर मेट्रोच्या एम3 मार्गाच्या टोकाला जा आणि तिथून मेट्रो घ्या.

शहरात तीन-चार दिवस असाल तर 72 तासांचा पास घ्या, एकेक तिकीट घेण्यात बचत नाही. कारण समजून घ्या: साधं कागदी तिकीट यंत्रात पंच करावं लागतं आणि ते एकाच वाहनाला चालतं. एका मेट्रोतून दुसऱ्या मेट्रोत जाता येतं, पण ट्रॅममधून मेट्रोत शिरलात की नवं तिकीट हवं. तपासनीस मेट्रोच्या दारातच उभे असतात आणि ‘माहीत नव्हतं’ हे कारण ऐकत नाहीत. पासाला यातलं काही लागत नाही, फक्त दाखवायचा.

एम1 ही पिवळी छोटी मेट्रो 1896 ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. आन्द्राशी रस्त्याखालून ती जाते. तिच्या दोन दिशांचे जिने बहुतेक स्थानकांवर रस्त्याच्या दोन वेगळ्या बाजूंना आहेत आणि खाली उतरल्यावर पलीकडे जाता येत नाही. म्हणून जिन्याच्या तोंडाशी पाटी वाचा. ‘फेले’ म्हणजे ‘कडे’. मेक्सिकोई उतकडे जाणारी गाडी सेचेन्यी स्नानगृहाला नेते, व्होरोश्मार्ती चौकाकडे जाणारी नदीकडे.

पत्ता वाचायचीही एक युक्ती आहे. चार आकडी पिनकोडातले मधले दोन आकडे म्हणजे विभाग, 1051 म्हणजे पाचवा, 1075 म्हणजे सातवा. राहायला पाचवा किंवा सहावा घ्या. सातव्याच्या आतल्या गल्ल्यांत पहाटेपर्यंत बारचा गोंगाट असतो. तिथेच स्वस्त खोली मिळाली तर रस्त्याकडची नको, आतल्या अंगणाकडची मागा.

आता मुख्य गोष्ट, उजेड. संसद भवन पश्चिमेकडे तोंड करून नदीवर उभं आहे, म्हणून सकाळी त्याचा दर्शनी भाग सावलीत असतो आणि दुपारनंतर तो सोनेरी होतो. बुडाचा किल्ला याच्या उलट. तेव्हा सकाळी पेश्तच्या काठावरून किल्ला पाहा, संध्याकाळी बुडाच्या काठावरून संसद. पर्यटक नेमकं उलटं करतात आणि फोटो काळपट आले म्हणून हळहळतात.

संध्याकाळचा क्रम असा ठेवा. सूर्यास्ताच्या दीड तास आधी फोवाम चौकात 2 नंबरची ट्रॅम पकडा आणि उत्तरेकडे जाताना डाव्या बाजूची खिडकी घ्या, नदी त्याच बाजूला आहे. वाटेत उतरून काठावरचे लोखंडी बूट पाहा. 1944-45 मध्ये ज्यूंना इथे नदीकाठी उभं करून गोळ्या घातल्या, त्याआधी त्यांचे बूट काढून घेतले होते. 2005 मध्ये बसवलेले हे साठ जोड कोणत्याही संग्रहालयापेक्षा जास्त सांगतात. इथे बुटांत पाय घालून फोटो काढू नका. मग कोश्शुत चौकातून एम2 मेट्रोने नदीखालून फक्त एक स्थानक, बात्त्यानी चौक. बाहेर पडून काठावर या, संसद बरोबर समोर. सूर्यास्ताआधी अर्धा तास पोचायचं आणि नंतरही अर्धा तास थांबायचं. दिवे लागल्यावर आकाश गडद निळं असतं तेवढी 20-25 मिनिटं खरी किमतीची. तिथून 19 किंवा 41 नंबरच्या ट्रॅमने साखळी पुलापाशी उतरा आणि पूल चालत ओलांडा. 1849 चा हा पूल दोन शहरांना जोडणारा पहिला कायमचा पूल. 1945 मध्ये तो उडवला गेला आणि 1949 मध्ये पुन्हा बांधला. आता त्यावर खासगी मोटारी नाहीत, त्यामुळे मधोमध थांबून दोन्हीकडे पाहणं सुखाचं झालंय.

किल्ल्यावर जायला रांग लावून महागडी केबल रेल्वे घेण्याची गरज नाही. देआक चौकातून 16 नंबरची बस थेट वर जाते, पासावर. हालासबाश्त्या या पांढऱ्या बुरुजांच्या गच्चीवर पूर्वेकडे तोंड आहे, म्हणून तिथे सूर्योदयाला जा. शरदाचा फायदा हाच, ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य सातनंतर उगवतो, पहाटे चारला उठावं लागत नाही. वरचे मनोरे तिकिटाचे असले तरी खालचा बराचसा सज्जा मोफत आहे. दगडी फरशी दवाने निसरडी होते, खाचांचे बूट घाला.

संसदेच्या आतल्या फेरीचं तिकीट मात्र घरूनच काढा, इंग्रजी फेऱ्या आधी भरतात. युरोपीय संघाबाहेरच्यांना दर जास्त आहे. पासपोर्ट जवळ ठेवा, मोठी बॅग नेऊ नका. घुमटाखालच्या दालनात हंगेरीचा पवित्र मुकुट आहे, तिथे फोटो काढायला मनाई आहे.

गरम पाण्याची कुंडं शरदातच खरी कळतात. सेचेन्यीत (1913) उघड्यावरच्या 38 अंशांच्या पाण्यातून थंड हवेत वाफ उठते. सकाळी लवकर किंवा अंधार पडल्यावर जा, दुपारी गर्दी. सोबत पोहण्याचा पोशाख (सुती टी-शर्ट नको), टॉवेल, रबरी चपला आणि पोहण्याच्या तलावासाठी टोपी. ती नसेल तर त्या तलावात उतरू देत नाहीत. कुंडातून दारापर्यंत ओल्या अंगाने चालताना थंडी झोंबते, म्हणून टॉवेल कडेलाच हवा. गरम पाण्यात एका वेळी 20 मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, चक्कर येते. मध्ये बाहेर येऊन पाणी प्या. रुदाश हे सोळाव्या शतकातलं तुर्की स्नानगृह, आठ खांबांवरच्या घुमटाखाली अष्टकोनी कुंड. तिथे मंगळवार फक्त स्त्रियांचा, पुरुषांचे आणि एकत्र जाण्याचे दिवस वेगळे, म्हणून जोडीने जाणार असाल तर वार आधी पाहा. लहान मुलं सोबत असतील तर वयाचे नियमही तिकिटाआधी वाचा.

शाकाहारींनी एक वाक्य पाठ करावं: ‘हूश नेलक्युल’, मांसाशिवाय. तरीही मेन्यूत ‘सालोन्ना’ (डुकराची चरबी) दिसते का ते बघा, चीज घातलेल्या शेवयांवरही ती पडते. सुरक्षित पर्याय म्हणजे तळलेलं चीज ‘रांतोत शाय्त’ आणि मशरूमचं पेपरिका घातलेलं कालवण, ‘गोम्बापाप्रिकाश’. मंडईच्या वरच्या मजल्यावर लांगोश मिळतो, भटुऱ्यासारखा तळलेला, वर लसूण आणि आंबट साय. मंडई रविवारी बंद. तिथेच पेपरिका पूड घ्या: ‘एदेश’ म्हणजे गोडसर, ‘चीपोश’ म्हणजे तिखट. ‘गेस्तेन्येप्युरे’, चेस्टनटचा गोड लगदा साय घालून, हा ऋतूचा पदार्थ, तो चुकवू नका.

बिलात ‘सेर्विझदीय’ लिहिलं असेल तर टीप आधीच घेतलेली आहे. आणि रोख पैसे देताना लगेच ‘कोसोनोम’ (धन्यवाद) म्हणू नका. हंगेरीत पैसे देताना धन्यवाद म्हणजे ‘उरलेले ठेवा’. आधी सुट्टे परत येऊ द्या, मग म्हणा.