पानावर मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात? चारसेट असा तपासा

चारसेट म्हणजे कोणते बाइट कोणतं अक्षर मानायचे ते ठरवणारी पद्धत. कोडला हात लावण्याआधी स्क्रीनवर नेमकं काय उमटलंय ते निरखून बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

यूटीएफ-८ या चारसेटमध्ये ‘म’ हे अक्षर तीन बाइटांचं: ई०, ए४, एई. ब्राउझरने ते विंडोज-१२५२ हा दुसरा चारसेट समजून वाचले, की डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं चिन्ह आणि वर्तुळातला आर, असं त्रिकूट दिसतं. म्हणजे बाइट शाबूत आहेत, फक्त ओळख चुकीची सांगितली गेली. काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह दिसलं तर उलटं: ओळख यूटीएफ-८ अशी आणि बाइट भलतेच. साधी प्रश्नचिन्हंच दिसत असतील, तर अक्षरं बहुधा सर्व्हरवर किंवा डेटाबेसमध्येच गेलेली असतात. मग हेडर (सर्व्हर पानासोबत पाठवतो ती माहिती) कितीही बदला, ती परत येत नाहीत.

आता ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये पानाची रिक्वेस्ट निवडा आणि रिस्पॉन्स हेडर वाचा. कन्टेन्ट-टाइपमध्ये ‘टेक्स्ट/एचटीएमएल’, मग अर्धविराम, मग ‘चारसेट=यूटीएफ-८’ असं हवं. चारसेट सांगणारा मेटा टॅगही एचटीएमएलमध्ये ठेवा, पहिल्या १०२४ बाइटांच्या आत. पण दोघांचं जुळलं नाही तर हेडरचंच चालतं. मेटा टॅग बरोबर असूनही पान बिघडलेलं असतं ते बरेचदा यामुळेच.

हेडर चुकीचं निघालं तर ते लिहिणारी ओळ शोधा. जावा सर्व्हलेटमध्ये (सर्व्हरवर उत्तर तयार करणारा जावा कोड) इथे हमखास फसगत होते. मजकूर लिहायला घेणारं ‘गेटरायटर’ आधी आणि चारसेटसह ‘सेटकन्टेन्टटाइप’ नंतर लिहिलं, तर चारसेट गुपचूप सोडून दिला जातो आणि मजकूर आयएसओ-८८५९-१ या देवनागरी नसलेल्या चारसेटमध्ये जातो. एरर नाही, काही नाही! दोन ओळींची अदलाबदल करा, झालं.

कन्टेन्ट-लेंग्थ (उत्तराची लांबी सांगणारं हेडर) स्वतः मोजत असाल तर बाइट मोजा. ‘मराठी’ची लांबी बहुतेक प्रोग्रामिंग भाषा ५ सांगतात, बाइट मात्र १५. हेडरमध्ये ५ लिहिलं तर ‘म’ पोचतो आणि ‘र’ अर्ध्यात तुटतो.

जेसन या डेटाच्या स्वरूपाला चारसेट लावायची गरज नाही, ते यूटीएफ-८ मध्येच पाठवायचं असतं. मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ मध्ये ठेवा. जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये एका अक्षराला तीनच बाइट मिळतात; देवनागरी त्यात मावते, पण इमोजी आला की अडतं.