गणपतीत आजोबांची चेतक बाहेर काढताय? या चुका टाळा

श्रावण संपत आला की माझ्या खळ्यात एखादी तरी चेतक ढकलत आणली जाते. ढकलणाऱ्याचं वाक्य ठरलेलं असतं. "काका, हिला काही झालेलं नाही, फक्त चालू होत नाही." गाडी आठ-दहा पावसाळे पडवीत सरपणाला टेकून उभी असते, माणूस काल मुंबईहून आलेला असतो आणि त्याला परवा तिच्यावरून गणपतीपुळ्याला जायचं असतं.

मी मेस्त्री नाही. रत्नागिरी-पावस रस्त्यावर जन्म चेतकवर काढला आणि गॅरेजवाल्याची वाट बघण्यापेक्षा हात काळे केलेले बरे, एवढ्यावर शिकलो. खाली सांगतोय ते चेतक, सुपर, साताऱ्याची प्रिया अशा जुन्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागणाऱ्या, स्कूटरबद्दल.

काऊल न उघडता किक मारणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. मोटरसायकलचं इंजिन उघड्या वाऱ्यावर असतं. स्कूटरचं पत्र्याआड असतं, म्हणून मॅग्नेटच्या, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या, चाकालाच पंख्याची पाती दिलेली असतात. तो पंखा हवा ओढतो, काऊलमधून, म्हणजे इंजिनवरच्या झाकणातून, ब्लॉकवर (पिस्टन ज्यात हलतो त्या भागावर) फेकतो आणि इंजिन गार ठेवतो. काऊलच्या आतली ती जागा कोरडी, अंधारी, बंद. उंदराला बाळंतपणासाठी याहून चांगलं घर कुठलं?

आमच्या दाजींची चेतक सहा वर्षं उभी होती. भाचा चतुर्थीच्या आदल्या दिवशी डोंबिवलीहून आला, मोबाइलवर बघून कार्बोरेटर धुतला, नवा प्लग लावला आणि तिसऱ्या किकला गाडी बोलली. बहिणीने चाकाखाली लिंबू ठेवलं. मी म्हटलं, "काऊल काढून आत बघ एकदा." तर म्हणतो, "मामा, चालू झाली की! आता कशाला उघडायची?" मीही गप्प बसलो. आत मोदक वाढले जात होते, खोटं कशाला बोलू.

गौरी गेल्यावर तो बायकोला घेऊन आरे-वारेच्या रस्त्याने निघाला. चढणीला दुसऱ्या गिअरमध्ये आवाज बसायला लागला, त्याने मूठ अजून पिळली, आणि मागचं चाक किंचाळून जागीच थांबलं. क्लच दाबायचं सुचलं म्हणून दोघं पडली नाहीत. गाडी टेम्पोतून घरी. काऊल काढला तर आत दोन मुठी काथ्या, वहीची कुरतडलेली पानं आणि चार आठळ्या. ब्लॉकच्या बाजूचा काथ्या जळून काळा झालेला. पिस्टनवर नख फिरवलं तर प्रत्येक ओरखड्यात अडकत होतं. ब्लॉक बोअर करून आणला, ओव्हरसाइज पिस्टन टाकला. तोवर भाचा केव्हाच कामावर रुजू झाला होता. खर्चाचा आकडा बहिणीला अजून सांगितलेला नाही.

तेव्हापासून माझा क्रम बदललेला नाही. आधी काऊल काढायचा, बॅटरी मारून ब्लॉकच्या पात्यांमधून बोट फिरवायचं. मग प्लग काढून भोकात चमचाभर टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळतात तेच) सोडायचं आणि रात्रभर गाडीला हात लावायचा नाही. सकाळी पंखा हाताने फिरवून बघायचा. फिरला तर किक. नाही फिरला तर किकवर उभं राहून नाचू नका. पुन्हा ऑइल सोडा आणि दुसरं काम बघा. ज्यांना रात्रभर थांबवत नाही त्यांनी रिक्षा करून पुळ्याला जावं.

सायलेन्सरचं तोंडही बघा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. तार घालून फोडा.

जुन्याच पेट्रोलवर नवं पेट्रोल ओतणं

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात मीठसुद्धा बरणीत पाघळतं, तिथे अर्धी रिकामी टाकी काय करणार? पुरेसं पाणी जमलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि पेट्रोल कॉकला, म्हणजे टाकीखालच्या तोटीला, पहिल्यांदा तेच लागतं. खात्री करायची तर टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास सावलीत ठेवा. पाणी असेल तर मधे स्पष्ट रेघ दिसते, वर पेट्रोल, खाली गढूळ थर. काही वेळा तळाशी गंजाची तांबडी पूडही असते. हे सगळं ओतून द्या, पण विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात नको.

टाकी गंजली असेल तर संडास धुवायचं अ‍ॅसिड घालू नका. गंजाबरोबर पत्राही खातं. एकाने आमसुलाचं आगळ घालून पाहिलं, कारण त्याने तांब्याची भांडी चकचकीत होतात. अरे, आगळात मीठ असतं! मी गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून टाकीत रात्रभर ठेवतो. सकाळी सायकलच्या जुन्या चेनचा तुकडा तारेला बांधून आत खुळखुळवतो. तार विसरलात तर चेन बाहेर काढताना देव आठवेल. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात कडक वाळवायची आणि लगेच आतून टू-टी ऑइल फिरवायचं. ओली ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत पुन्हा तांबूस होते.

नव्या पेट्रोलमध्ये माझ्या गाडीला लिटरमागे २० मिली ऑइल लागतं. तुमच्या मॉडेलचं प्रमाण विचारून घ्या आणि मापाने घाला. "थोडं जास्तच घातलंय" म्हणणाऱ्याचा सायलेन्सर चोंदतो, आणि "घातलं होतं बहुतेक" म्हणणाऱ्याचं इंजिन पकडतं, म्हणजे जाम होतं.

गाडी वाकवून चालू करणं

आपल्या बापजाद्यांनी चेतक वाकवली, म्हणून आपणही वाकवतो. वाकवल्यावर कार्बोरेटरच्या फ्लोटमधलं पेट्रोल हलून थोडं जास्त आत जातं, चोकचं काम होतं, एवढंच. आठवडाभर उभी राहिलेली गाडी एकदा वाकवलीत तर मी काही बोलणार नाही. पण रोज सकाळी वाकवावी लागत असेल तर चोकची केबल, पेट्रोल कॉकची जाळी आणि टाकीच्या टोपणातलं हवेचं बारीक भोक बघा. ते भोक बुजलं की गाडी दोन-तीन किलोमीटर छान चालते आणि मग मरते. टोपण उघडून लावलं की पुन्हा चालते. अशा गाडीचा कार्बोरेटर चार वेळा खोललेला मी पाहिला आहे. भोकात चिखल होता, सुईच्या टोकाएवढा.

जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकाच्या पितळी नळीत, तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी जन्मभर पेट्रोल पिते. पेट्रोलमध्ये भिजवा, हवा मारा. ब्रशचा केस चालेल.

प्रत्येक दुखण्यावर कार्बोरेटरचा स्क्रू पिळणं

हवेचा स्क्रू म्हणजे रेडिओचं बटण नव्हे. गाडी आपोआप रेस होत असेल, स्क्रूने ऐकत नसेल, तर मॅग्नेटकडचं ऑइल सील गेलेलं असू शकतं. तिथून इंजिन फुकटची हवा ओढतं. पांढरट धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर क्लचकडचं सील बघा. उभ्या गाडीची सीलं वाळून दगड झालेली असतात. ते काम गॅरेजमध्येच करा, घरी करायच्या फंदात पडू नका.

ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळी, मरतुकडी आली तर पॉइंट (ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे) साफ करून त्यांच्यातली गॅप साधारण ०.४ मिमी ठेवा, तरी नाही तर कंडेन्सर बदला. प्लग बाहेर काढून ठिणगी बघताना तो भोकापासून लांब धरा, भोकातून पेट्रोलची वाफ येते.

टायर काढताना हवा न काढता नट सोडणं

हे हसण्यावारी नेऊ नका. या गाड्यांची रिम दोन तुकड्यांची, नटांनी जोडलेली असते. ड्रमवर चाक धरणारे नट वेगळे, दोन तुकडे जोडणारे वेगळे. हवा न काढता दुसरे सोडलेत तर शेवटच्या आट्याला रिम फुटल्यासारखी उघडते. आमच्या पडवीच्या एका कौलाला अजून त्याची खूण आहे. आधी व्हॉल्व्हची पिन काढा, मग पाना लावा.

टायरच्या नक्षीवर जाऊ नका. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. तो टायर बागेत लावा.

बाकीचं थोडक्यात. इंजिन बोलायच्या आधी गाडी रंगवू नका. फूटबोर्डची रबरं उचलून खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, खाऱ्या हवेने तो आधी जातो. समुद्रावरून आलात की गोड्या पाण्याने धुवा. आणि खर्चाआधी कागद बघा. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि पुस्तक अजून आजोबांच्याच नावावर असेल तर वारसांच्या सह्या गोळा करायला गणपतीत सगळी घरी असतात तेवढीच संधी.

पहिली फेरी एकट्याने मारा, डबलसीट नाही. मी घरापासून पाच किलोमीटर जातो, डिकीत प्लग पाना, जादा प्लग आणि क्लच केबल. तिथे थांबून, गार झाल्यावर प्लग काढून टोक बघतो. दुधाच्या चहाचा रंग असेल तर पुढे. काळं, ओलं असेल तर हळूहळू घरी. पांढरंफटक असेल तर तिथूनच परत फिरा, आणि चढ लागला तर उतरून ढकला.