योगशिक्षकांनो, यादी घोकू नका, नावं फोडायला शिका

जळगावात सकाळचे योगवर्ग आटोपले की दुपारी मी नव्या योगशिक्षकांना शिकवते. यावल, रावेर, अमळनेर, पारोळ्याहून मुलंमुली येतात. योग प्रमाणन मंडळाची परीक्षा डोक्यावर असते, म्हणून वहीत आसनांची लांबलचक यादी आणि तिची घोकंपट्टी सुरू. अशी यादी तोंडी परीक्षेपुरती टिकते. पुढे वर्गात एखाद्या काकूंनी ‘ताई, याला असं का म्हणतात?’ विचारलं की ती कामाला येत नाही. म्हणून मी पहिल्या दिवसापासून नावं फोडायला लावते.

‘अधोमुख श्वानासन’ घ्या. अधः म्हणजे खाली, मुख म्हणजे तोंड, श्वान म्हणजे कुत्रा. ‘ऊर्ध्वमुख’ आलं की तोंड वर. हेच तुकडे पुढे ठिकठिकाणी भेटतात. पाद, हस्त, शीर्ष, अंगुष्ठ मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत. जानु म्हणजे गुडघा एवढं सांगितलं की झालं. प्राण्यांचंही तसंच: मार्जार म्हणजे मांजर, उष्ट्र म्हणजे उंट, शशक म्हणजे ससा, मंडूक म्हणजे बेडूक. शलभ मात्र सांगावा लागतो, तो टोळ.

वेळ द्यायचा तो सारख्या दिसणाऱ्या जोड्यांना. अर्ध म्हणजे निम्मं, ऊर्ध्व म्हणजे वर. घाईत बोलताना दोन्ही एक होतात आणि समोरचा गोंधळतो. उत्थित म्हणजे उठलेला, उभा: ‘सुप्त पादांगुष्ठासन’ पाठीवर झोपून करायचं, ‘उत्थित हस्तपादांगुष्ठासन’ उभं राहून. उत्तान म्हणजे ताणलेला, पसरलेला, आणि पाठीवर पडलेलाही. आपला ‘उताणा’ त्यातूनच आला. परिवृत्त म्हणजे वळवलेला, पीळ दिलेला.

आता ‘पश्चिमोत्तानासन’. इथे हमखास कुणीतरी विचारतं, मग पश्चिमेकडे तोंड करून बसायचं का? पूजेला बसताना आपण पूर्वेकडे तोंड करतो. मग छाती-पोटाची बाजू पूर्व, पाठीची बाजू पश्चिम. टाचांपासून डोक्यापर्यंत शरीराची मागची सगळी बाजू ताणली जाते ते पश्चिमोत्तान, आणि पुढची ताणली जाते ते पूर्वोत्तान. हे एकदा कळलं की सूचनाही सुधारते. शिक्षक ‘डोकं गुडघ्याला लावा’ म्हणायचं सोडतो आणि ‘मांडीच्या मागे ताण जाणवतोय का बघा’ म्हणतो. धुळ्याकडच्या एखाद्या आजी ‘कंबर दुखस’ म्हणाल्या तर त्यांना गुडघे थोडे वाकवून तेवढाच ताण घेऊ द्या. कपाळ गुडघ्याला टेकलंच पाहिजे, असं नावात कुठेही नाही.

अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्द जास्त फसवतात, हे मराठी शिक्षकाने मनात पक्कं धरावं. पतंजलींच्या पाच नियमांतला पहिला शौच. वर्गात हा शब्द नुसता उच्चारलात तर पोरं हसणारच. ‘शौच म्हणजे शरीराची आणि मनाची स्वच्छता’ असं एका दमात सांगा. समाधी म्हटलं की आमच्याकडे मुक्ताईनगरला दर्शनाला जाणाऱ्यांना संतांचं स्थान आठवतं. योगातली समाधी ही चित्ताची अवस्था. स्वाध्याय म्हणजे धड्याखालचे प्रश्न नव्हेत. धारणा म्हणजे समजूत नव्हे, चित्त एका जागी बांधून ठेवणं. ते तिथेच अखंड वाहत राहिलं की ध्यान. हा क्रम विस्कटू देऊ नका, परीक्षेतही आणि वर्गातही.

बंध म्हणजे शरीराचा ठरावीक भाग आवळून धरणं. बंधांची नावं परकी वाटत असतील तर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढा. मूळबंध, जालंधर, वोढियाणा म्हणजे उड्डियान, तिन्ही तिथे मराठीत आहेत. शके 1212 पासून हे शब्द आपल्या भाषेत आहेत, ते संकोचत का उच्चारायचे? एक खबरदारी घ्या: तिथे वज्रासन हे मूळबंधाचंच दुसरं नाव म्हणून येतं, आपण जेवल्यावर बसतो ते वज्रासन वेगळं.

प्राणायामात तीन शब्द पुरतात: पूरक म्हणजे श्वास घेणं, रेचक म्हणजे सोडणं, कुंभक म्हणजे रोखणं. मे महिन्यात जळगाव-भुसावळ तापतं तेव्हा माझ्या वर्गात शीतली असतेच. जिभेची नळी करून हवा आत ओढायची ती शीतली. काहींची जीभ वळतच नाही. त्यांना सीत्कारी द्या, दातांच्या फटीतून ‘सी’ असा आवाज होत हवा आत जाते, नाव त्या आवाजावरूनच पडलं. कपालभातीला सगळे प्राणायाम म्हणतात, पण हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात ती धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्यासोबत षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत मोजली आहे.

उच्चाराकडे येऊ. खानदेशात ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘य’ सहज होतो. पाणी ‘पानी’ होतं, केळी ‘केयी’ होते. ही आपली बोली, तिच्यावरून कुणालाही वर्गात टोकू नका. साधक ‘प्रानायाम’ म्हणाला तरी त्याचा श्वास बरोबर चालला पाहिजे. शिक्षकाने मात्र स्वतः ‘ण’ स्पष्ट म्हणावा. ‘चतुरंग’मधला च ‘चंद्र’सारखा, ‘चटणी’सारखा नाही, ‘जानु’मधला ज ‘जीव’सारखा, ‘जाळं’सारखा नाही. आणि व्हिडिओ बघून ‘योगा’, ‘शवासना’, ‘चक्रा’ म्हणायची सवय लागली असेल तर ती आजच मोडा. योग, शवासन, चक्र हे शब्द आपल्या घरात आहेत तसेच बरोबर आहेत.

वर्ग घेताना आसनाचं नाव सुरुवातीला एकदा, सावकाश घ्या. नंतरच्या सूचना साध्या मराठीत द्या. पाय थरथरत असताना कुणालाही समास ऐकायचा नसतो. आसन सुटलं, माणसं आडवी झाली, की मग नाव फोडून सांगा. तेव्हा ते कानात राहतं.

सूर्यनमस्काराचे मंत्र शेवटी घ्या, कारण तिथे विभक्तीही येते. ‘नमः’ला चतुर्थी लागते, म्हणून मित्र ‘मित्राय’ होतो, भानु ‘भानवे’, मरीचि ‘मरीचये’, सवितृ ‘सवित्रे’. पूषन्‌चं ‘पूष्णे’ होतं; त्यातला ‘पू’ दीर्घ आहे, तो ‘पुष्णे’ होऊ देऊ नका. ‘नमः’च्या शेवटी हलका ह, ‘नमहा’ असा ताणायचा नाही. रोज तीन नावं घेतली तर चार दिवसांत बारा होतात. पाचव्या दिवशी वही मिटून, नमस्कार घालता घालता म्हणून पाहा.